पाहुणा कोण?





दिवाळी झाली की आपल्या ईट परिसरातील कितीतरी घरे निम्मी रिकामी होतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, एखादी शेळी आणि लहान लेकरे त्यात चढतात, आणि माणसे पाच-सहा महिन्यांसाठी परक्या मुलखात ऊस तोडायला निघून जातात. मागे म्हातारी माणसे राहतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत आगमनकाळ सुरू होतो आणि आपण पुन्हा नाताळची गोष्ट ऐकू लागतो. एक गरीब जोडपे परगावी जाते, बाईचे दिवस भरलेले असतात, आणि त्यांना उतरायला जागा मिळत नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या माणसांना कोणी समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून या दिवसांत एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर आपण विचार करू या. आतिथ्य म्हणजे काय? ते केवळ चांगल्या स्वभावाचे लक्षण आहे, की ते आपले कर्तव्य आहे? आणि कर्तव्य असेल तर ते कोणाविषयी, आणि कुठपर्यंत?

आपली भाषा काय सांगते

'पाहुणा' हा शब्द आपण कसा वापरतो ते पाहा. घरी पाहुणे आले असे म्हटले की समोरच्याला कळते, सोयरे आले. मुलगी बघायला येतात ते पाहुणे, जावई हा पाहुणा, व्याही हे पाहुणे. त्यांच्यासाठी आपण हात राखून ठेवत नाही. घरात नसले तर शेजारून आणतो, पण ताटात कमी पडू देत नाही. मानपान सांभाळतो, जाताना टोपी-टॉवेल, खण-नारळ देतो. हे सारे चांगलेच आहे. पण यात एक हिशेबही असतो. आज आपण केले, उद्या ते करतील. कोणी केले नाही तर ते वर्षानुवर्षे लक्षात राहते.

परंतु हाच शब्द आपण आणखी एका ठिकाणी वापरतो. एसटीत शेजारी बसलेल्या, कधीही न पाहिलेल्या माणसाला आपण हाक मारतो, "काय पाव्हणं, कुठलं गाव?" म्हणजे आपल्या बोलीला एक मोठे सत्य ठाऊक आहे. अनोळखी माणूस हाही पाहुणाच आहे. पण गाव कळल्यावर आपला दुसरा प्रश्न आडनावाचा असतो. आडनाव कळले की मग पुष्कळ गोष्टी ठरतात. बसायला काय टाकायचे, पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचे, चहाचा आग्रह करायचा की नाही. पहिल्या हाकेत जे दार उघडले होते ते दुसऱ्या प्रश्नाने लोटले जाते. आम्हांला असे वाटते की ख्रिस्ती आतिथ्याची सगळी परीक्षा या दोन प्रश्नांच्या मध्ये आहे.

'अतिथी' या शब्दाचा अर्थ जुने लोक असा सांगत आले आहेत की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. तैत्तिरीय उपनिषदाने त्याला देवाच्या जागी मानायला सांगितले. नव्या करारात संत पौल आणि इब्री लोकांस पत्राचा लेखक ज्या ग्रीक शब्दाने आतिथ्याचा उल्लेख करतात, त्या 'फिलोक्सेनिया' या शब्दाचा सरळ अर्थ आहे परक्यावरील प्रेम. मित्रावरील किंवा सोयऱ्यावरील प्रेमाला तो शब्द लागू होत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात एका परूश्याच्या घरी जेवायला बसलेला येशू यजमानाला तोंडावर सांगतो की मेजवानी दिलीस तर मित्रांना, भाऊबंदांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, कारण ते तुला परत बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना बोलाव. जेवणाऱ्याने यजमानाला असे सांगणे आपल्याकडे उद्धटपणाचे ठरेल. पण प्रभू तेथे सोयरिकीचा धिक्कार करत नाही. सोयरिकीलाच आतिथ्य समजून आपण समाधान मानू नये, एवढे तो सांगतो.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हे मनावर घेतले होते. त्याची साक्ष त्यांच्या विरोधकाने दिली आहे. रोमन सम्राट ज्युलियन याला ख्रिस्ती धर्म मागे सारून जुन्या देवतांची पूजा पुन्हा सुरू करायची होती. इ.स. ३६२च्या सुमारास त्याने आपल्या एका धर्माधिकाऱ्याला पत्र लिहिले. त्यात त्याची तक्रार अशी होती की परक्यांवर दया करण्यामुळे या लोकांचा पंथ वाढतो आहे, ते आपल्या गरिबांना तर पोसतातच, आमच्या गरिबांनाही पोसतात. म्हणून प्रत्येक नगरात आपणही वाटसरूंसाठी निवारे बांधावेत असा हुकूम त्याने दिला. त्यानंतर काही वर्षांतच संत बाझिल यांनी कैसरिया नगराबाहेर वाटसरू, गरीब आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभी केली. आज आपण ज्यांना हॉस्पिटल, होस्टेल आणि हॉटेल म्हणतो, ते तिन्ही शब्द लॅटिन भाषेतील 'होस्पेस', म्हणजे पाहुणा किंवा यजमान, या एकाच शब्दाच्या घराण्यातले आहेत. विशेष म्हणजे त्या भाषेत पाहुण्याला आणि यजमानाला एकच शब्द आहे. याकडे आपण पुन्हा येऊ.

अनोळखी माणसाचे आपण काय देणे लागतो?

आता कोणी विचारील, ज्याला मी ओळखत नाही, ज्याच्याशी माझा काही व्यवहार नाही, त्याचे मी काय देणे लागतो? हा प्रश्न खोडसाळ नाही. तत्त्वज्ञांनीही तो विचारला आहे.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९५ साली शाश्वत शांततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात ते म्हणतात की आतिथ्य हा दयेचा विषय नाही, तो परक्याचा हक्क आहे. त्यांचे कारण मोठे साधे आहे. पृथ्वी गोल आहे. माणसे तिच्यावर एकमेकांपासून कितीही लांब पळाली तरी शेवटी एकमेकांच्या शेजारी येणारच. आणि मुळात जमिनीच्या कोणत्याही तुकड्यावर एकाचा दुसऱ्यापेक्षा अधिक अधिकार नव्हता. म्हणून आपल्या दारी आलेल्या परक्याला शत्रूसारखे वागवले जाऊ नये, एवढा त्याचा हक्क आहे. त्याला परत पाठवता येईल, पण परत पाठवल्याने त्याचा नाश होणार असेल तर तेही करता येणार नाही. कांट यांनी इतकेच मागितले. घरात घ्या, पंगतीला बसवा, असे त्यांनी म्हटले नाही.

विसाव्या शतकातील एमॅन्युएल लेव्हिनास हे ज्यू तत्त्वज्ञ याच्या पुढे गेले. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांचे कैदी झाले. लिथुआनियातील त्यांचे आईवडील आणि भाऊ मारले गेले. त्यांनी पुढे एक आठवण लिहून ठेवली आहे. कैदी जंगलात लाकूडतोडीला जात. रस्त्याने जाणारी-येणारी माणसे आणि पहारेकरी त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहत नसत. पण काही आठवडे एक भटके कुत्रे छावणीत आले. हे कैदी कामावरून परतताना ते शेपटी हलवीत, उड्या मारीत त्यांचे स्वागत करी. त्या कुत्र्याच्या लेखी ती माणसे होती. पुढे पहारेकऱ्यांनी त्यालाही हाकलून दिले. लेव्हिनास यांच्या १९६१ सालच्या ग्रंथाचा गाभा असा सांगता येईल : समोरच्याचा चेहरा पाहिला की त्याची जात, देश, उपयोग यांचा विचार मनात येण्याच्या आधीच तो आपल्याकडून काही मागतो. आधी जबाबदारी येते, ओळख नंतर होते. आपण मात्र उलटे करतो. आधी ओळख पटवून घेतो आणि मग जबाबदारी घ्यायची की नाही ते ठरवतो.

पवित्र शास्त्र याला आणखी दोन कारणे जोडते. पहिले कारण आहे आठवण. मोशेच्या नियमशास्त्रात देव इस्राएली लोकांना पुन्हा पुन्हा सांगतो की परक्याला छळू नका, त्याच्यावर प्रेम करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. दुसरे कारण स्वतः प्रभू आहे. संत मत्तय यांच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे जे वर्णन आहे, तेथे राजा स्वतःला भुकेल्याच्या, तहानेल्याच्या आणि परक्याच्या जागी उभा करतो. ध्यानात घ्या, तेथे उजवीकडे उभ्या असलेल्यांनाही हे माहीत नव्हते. आपण प्रभूला घरात घेतो आहोत असे समजून त्यांनी दार उघडले नव्हते. दारात माणूस होता, म्हणून उघडले.

आपली स्वतःची आठवण

बंधुभगिनींनो, मिसर देश आपल्यापासून फार दूर नाही. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत ज्यांनी थंडी काढली, पहाटे तीनला उठून फडात गेले, ओल्या बाळंतिणीला गाडीवर बसवून नेले, त्यांना परका म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्या मुलखातील कोण्या शेतकऱ्याच्या बायकोने ताकाचा तांब्या दिला आणि कोणी बोअरवरून घागर भरू दिली नाही, हे दोन्ही त्यांच्या लक्षात असते.

२०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर वेगवेगळ्या कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते. १७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने त्यांना तपासणी करून गावी परतण्याची परवानगी दिली. परतल्यावर काय दिसले? त्या दिवसांत महाराष्ट्रातील अनेक गावांनी आपल्या वेशीवर काटेरी झुडपे आणि बांबू आडवे टाकले होते. माणूस आपल्याच गावाच्या वेशीवर परका झाला होता.

याहून जुनी आणि अधिक खोल अशीही एक आठवण आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांना कोणाच्या घरात पाहुणे म्हणून जाताच आले नाही. त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. चहाच्या दुकानात त्यांची कपबशी वेगळी, वळचणीला खोचलेली असे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता. माणूस म्हणून आपले या जगात स्वागत आहे की नाही, हा तो प्रश्न होता.

आठवणीचे दोन उपयोग होऊ शकतात. ज्याला नाकारले गेले तो म्हणू शकतो, हे दुःख मला माहीत आहे, म्हणून मी ते दुसऱ्याला देणार नाही. किंवा तो म्हणू शकतो, मला नाकारले, आता माझ्याही खाली कोणी असू दे. हा दुसरा मोह फार सूक्ष्म असतो आणि तो चांगल्या, भाविक माणसांनाही होतो. एकाच मिस्साला येणारी, एकाच वेदीपुढे रांगेत उभी राहून एकच ख्रिस्तशरीर स्वीकारणारी दोन कुटुंबे एकमेकांच्या चुलीवरचे खात नसतील, तर आपण काय म्हणणार? करिंथ येथील ख्रिस्ती मंडळी प्रभुभोजनाला जमत, पण तेथे काहीजण पोटभर जेवत आणि काहीजण उपाशी राहत, तेव्हा संत पौल यांनी त्यांना सुनावले होते की हे प्रभूचे भोजनच नव्हे. त्यांच्या मिस्साचे विधी चुकले नव्हते. त्यांची पंगत चुकली होती. वेदीवर एक भाकर आणि आळीत दोन चुली, याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःच्या घरात शोधायचे आहे.

घेणारा हातही हवा

आतिथ्य म्हणजे देणे, असे आपण समजतो. पण देणारा नेहमी वर बसतो आणि घेणारा खाली. म्हणून सतत देत राहणे हे कधी कधी अहंकाराचेही काम असते. शुभवर्तमान वाचताना एक गोष्ट लक्षात येते. येशूचे स्वतःचे घर कुठे दिसत नाही. तो बहुतेक वेळा पाहुणाच आहे. पेत्राच्या घरी, मार्था आणि मरियेच्या घरी, परूशी शिमोनाच्या घरी. जक्कयाच्या घरी तर तो स्वतः सांगून गेला. आणि याकोबाच्या विहिरीवर त्याने एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात भांड्यांचा व्यवहार नव्हता. त्या स्त्रीला आश्चर्य वाटले ते याचेच. येशूने तिला उपदेश नंतर केला. आधी तो तिच्यापुढे तहानेला म्हणून उभा राहिला. ज्याच्या हातचे कोणी घेत नाही, त्याच्या हातचे मागून घेणे हेही मोठे आतिथ्य आहे. यजमानाला आणि पाहुण्याला एकच शब्द का, ते येथे कळते.

हे आपल्या मातीलाही ठाऊक आहे. दर आषाढीला पैठणहून निघणारी संत एकनाथांची पालखी खर्डा, दांडेगाव, अनाळा, परंडा या आपल्याच भागातील वाटेने पंढरपूरला जाते आणि गावोगाव लोक वारकऱ्यांना भाकरी-पिठले, चहा-पाणी देतात. त्या एकनाथांविषयी अशी कथा सांगितली जाते की श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी दारावरून जाणाऱ्या भुकेल्या महार कुटुंबाला वाढले आणि त्यासाठी पैठणच्या ब्राह्मणांचा रोष पत्करला. पण दुसरी कथाही आहे. ते एका महार भक्ताच्या घरी जेवायला गेले. पहिल्या कथेपेक्षा ही दुसरी अधिक अवघड आहे. वाढणे सोपे असते. त्याच्या घरात, त्याच्या ताटात जेवणे अवघड असते.

कॅथलिक म्हणून आपणही पाहुणे होतो, हे विसरू नये. १९४० नंतर सोव्हिएत सत्तेने पोलंडमधील लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले. त्यांतील सुटलेल्यांपैकी सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी पोहोचले. १९४३ ते १९४८ या काळात ते तेथे राहिले. त्यांच्यासाठी घरांच्या रांगा होत्या, शाळा होत्या, चर्चही होते. ती माणसे बहुसंख्येने आपल्याच श्रद्धेची, कॅथलिक. आणि यजमान होते कोल्हापूर संस्थानातील मराठी माणसे, ज्यांना त्यांची भाषा कळत नव्हती की प्रार्थना. फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला आणि त्यातून आजचे गांधीनगर उभे राहिले. मुले मोठी होऊन जगभर पांगली, म्हातारी झाली, तरी वळिवड्याला भेट द्यायला येत राहिली. आपल्या लोकांना ज्यांनी असे घरात घेतले, त्यांच्यापैकी कोणी आपल्या दारी आला तर त्याचा धर्म विचारण्याचा आपल्याला काय अधिकार?

कुठपर्यंत?

आता अवघड प्रश्न. दार किती उघडायचे? चोर येतात, फसवणारे येतात, आजार येतात. घरात तरुण मुली असतात. हे सारे खरे आहे आणि ख्रिस्तसभेने ते कधी नाकारले नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकात लिहिल्या गेलेल्या 'डिडाखे' या छोट्या पुस्तकात याचे नियम आहेत. प्रभूच्या नावाने येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करा, मग पारख करा. वाटसरू असेल तर दोन किंवा फार तर तीन दिवस ठेवा. राहायचे असेल तर त्याने काम करून खावे. काम करायला तयार नसेल तर सावध राहा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी नियम घालून दिले. प्रत्येक पाहुण्याचे ख्रिस्त समजून स्वागत करावे, गरिबांची आणि यात्रेकरूंची अधिक काळजी घ्यावी, कारण श्रीमंताला तर त्याच्या दबदब्यानेच मान मिळतो. पण त्यांनीही सांगितले की आधी पाहुण्याबरोबर प्रार्थना करावी, आणि दारावर शहाणा, वयस्कर माणूस बसवावा. म्हणजे पारख करायची आहे. पण क्रम पाहा, आधी स्वागत आणि नंतर पारख.

२०२० साली भीती खरी होती. काही गावांनी वेशीवर काटे टाकले आणि पाठ फिरवली. काही गावांनी परतलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा रानातल्या गोठ्यात वेगळे ठेवले, आणि दोन वेळची भाकरी, पाण्याची घागर ठराविक अंतरावर नेऊन ठेवली. अंतर दोघांनीही ठेवले. पण एकांनी माणसाला नाकारले आणि दुसऱ्यांनी नाकारले नाही. सावधगिरी आणि आतिथ्य एकत्र नांदू शकतात, हे त्या घागरीने सिद्ध केले.

दुसरी अडचण गरिबीची. आमच्याच घरात नाही, आम्ही काय देणार? एलिया संदेष्टा दुष्काळात सारफथ गावी गेला, तेव्हा देवाने त्याला कोणा सावकाराकडे पाठवले नाही. मूठभर पीठ आणि थोडेसे तेल उरलेल्या विधवेकडे पाठवले. त्याने तिच्याकडे आधी पाणी मागितले, मग भाकरी. दुष्काळ काय असतो ते मराठवाड्याला सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली होती, ते आपण विसरलेलो नाही. अशा मुलखात दारी आलेल्याला आधी गूळ-पाणी देण्याची रीत पडली, यात मोठा अर्थ आहे. जे सर्वांत दुर्मीळ, तेच आपण आधी पुढे केले. धर्मगुरू म्हणून आम्ही घरोघरी जातो तेव्हा पाहतो की सर्वांत आग्रहाने चहा तेथेच मिळतो जेथे साखर शेजारून आणावी लागते.

तिसरी अडचण आपण सहसा बोलत नाही. आतिथ्याचा मान ओसरीवर पुरुषाला मिळतो आणि धूर आत बाईला. पाहुणा वाढला की तिची एक खेप वाढते. मार्था चिडली ती उगाच नाही. प्रभूने तिच्या कामाला कमी लेखले नाही, तिच्या ओढाताणीला त्याने हाक दिली. आणि मम्रे येथे तीन वाटसरू आले, तेव्हा म्हातारा अब्राहाम भर दुपारी स्वतः धावला, स्वतः वासरू निवडले, स्वतः ताट पुढे ठेवले आणि ते जेवत असताना झाडाखाली उभा राहिला. साराने पीठ मळले हे खरे, पण सगळे तिच्यावर टाकून तो बाजेवर बसून राहिला नाही. ज्या घरात एकच माणूस राबतो आणि दुसरा मोठेपणा मिरवतो, तेथील आतिथ्य अर्धेच आहे.

आपण काय करू शकतो

मोठी कामे मोठ्या संस्था करतात आणि ती करावीतच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी, सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हा शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेले आणि त्यांच्या राहण्या-शिकण्याची जबाबदारी वर्षानुवर्षे घेतली. एका जेवणापुरते आतिथ्य आणि लेकरू मोठे होईपर्यंतचे आतिथ्य, यांत हा फरक आहे. आपल्या हातांत मात्र लहान गोष्टी आहेत, आणि त्या आपल्यालाच करायच्या आहेत.

फडावर गेलेल्यांची म्हातारी माणसे आपल्या आळीत आहेत. आठवड्यातून एक दिवस त्यांच्यापैकी एकाला आपल्या ताटाशेजारी बसवता येईल. नुसता डबा पोहोचवू नका. त्यांच्याबरोबर बसा, त्यांच्या हातचा चहा प्या. ज्यांची मुले शिक्षणासाठी मागे राहिली आहेत, त्यांची शाळा चुकू नये म्हणून हंगामी वसतिगृहाची चौकशी करा, आणि तेथे सोय नसेल तर एखादे लेकरू आपल्या लेकरांत सामावून घ्या. आपल्या रस्त्याच्या कामावर परप्रांतातून आलेले मजूर असतात, माळावर मेंढरे घेऊन धनगर उतरलेले असतात. त्यांना भाषा येत नसेल, पण पाण्याला भाषा लागत नाही. उन्हाळ्यात चर्चच्या फाटकाजवळ एक रांजण भरून ठेवायला फार खर्च येत नाही. रविवारी मिस्साला नवा चेहरा दिसला तर तो मागच्या बाकावर एकटा राहू नये. आणि या नाताळला फराळाचे ताट जेथून परत येणार आहे तेथे तर पाठवाच, पण जेथून परत येणार नाही असे एक घर प्रत्येकाने निवडावे. त्याबरोबरच, ज्या घरी आजवर आपण जेवलो नाही अशा एका घरी जेवायला जावे.

पवित्र मिस्सात आपण सारे पाहुणे असतो. भोजन प्रभूचे, यजमान प्रभू. त्या पंगतीला आपल्याला कोणी आडनाव विचारून बसवले नाही. तरीही ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण त्या रोमन शताधिपतीसारखे कबूल करतो की प्रभूने आपल्या छपराखाली यावे एवढी आपली योग्यता नाही. म्हणजे त्याच क्षणी तो आपला यजमानही असतो आणि पाहुणाही.

पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी दोन शिष्य अम्माऊस गावाला चालले होते. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्याबरोबर चालू लागला. गाव आले, तो पुढे जाणार असे दिसले. दिवस मावळत आला होता, म्हणून त्यांनी त्याला आग्रहाने थांबवून घेतले. भाकर मोडली तेव्हा त्यांचे डोळे उघडले. ओळख पटली म्हणून त्यांनी त्याला घरात घेतले नाही. घरात घेतले म्हणून ओळख पटली. त्यांनी त्याला वाटेवरच निरोप दिला असता, तर प्रभू त्यांच्या दारावरून पुढे निघून गेला असता आणि त्यांना ते कधी कळलेही नसते.

या आगमनकाळात परमेश्वर आपल्या सर्वांची घरे आणि मने मोठी करो, आणि परक्या मुलखात असलेल्या आपल्या माणसांनाही कोणाच्या तरी ओसरीवर जागा मिळो, हीच प्रार्थना.